पाव तासाचा पूरिया धनाश्री

भोंगा पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी केबिनमध्ये स्टोव्हला पंप मारत होते. आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा कर्कश होता, आणि समुद्रावर ट्रक कसला, असंच आधी मनात आलं. मी वर डोकं काढलं. धुकं इतकं होतं की बोटीचं पुढचं टोकही नीट दिसत नव्हतं. शिडं लोंबत होती. जयवंत माझ्याकडे पाठ करून, सुकाणूचा दांडा काखेत धरून बसले होते.

"अहो, भोंगा वाजतोय."

त्यांनी मान वळवली नाही.

"अहो! कुणीतरी येतंय!"

परत वाजला. या वेळी जवळ, उजव्या हाताला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. जयवंत शांतपणे समोर बघत राहिले, जणू मी तिथे नव्हतेच. मग धुक्यातून एकदम निळ्या रंगाचं, टायर लटकवलेलं मच्छीमार ट्रॉलरचं तोंड बाहेर आलं, घराच्या भिंतीएवढं. तेव्हा मात्र ते उडालेच. त्यांनी दांडा पूर्ण लोटला, दुसऱ्या हातानं इंजिन सुरू केलं, आणि आमची बोट त्या ट्रॉलरच्या अंगाला घासेल इतक्या जवळून बाहेर निघाली. वरून कुणीतरी ओरडलं, "निजलास काय रे!" स्टोव्हवरचं भांडं माझ्या पायावर सांडलं. आणि पुढच्याच क्षणी बोटीखाली काहीतरी कचकन अडकलं आणि इंजिन बंद पडलं.

जाळ्याचा दोर होता. बोटीखालच्या पंख्याला गुंडाळला गेला होता. धुकं विरल्यावर जयवंत कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरले, आणि खांदा खरचटून घेऊन वर आले.

"नायलॉन आहे. घासून घासून वितळलाय, दगड झालाय त्याचा. इथे नाही निघणार."

"मग?"

"शिडावर जाऊ. शिडाचीच बोट आहे ना ही?"

पण वारा नव्हता. धुक्याबरोबर होता नव्हता तो वाराही गेला.

या गोष्टीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होते, जयवंत माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्रिलोकेकर पायलट म्हणून बंदरात त्यांना सगळे ओळखायचे. विमानाचे नव्हे, जहाजांचे पायलट. बाहेरून आलेलं जहाज बंदरात सुखरूप आणून लावायचं, हे त्यांचं काम. त्याआधी काही वर्षं ते बोटीवर अधिकारी होते. या प्रवासाच्या दोन वर्षं आधी त्यांनी अचानक नोकरी सोडली. का, विचारलं तर म्हणाले, "पुरे झालं." अलिबागजवळच्या एका सुताराकडून लाकडी शिडाची बोट बांधून घेतली, तिचं नाव ठेवलं 'टिटवी', आणि डिसेंबरात म्हणाले, "कोचीपर्यंत जाऊन येऊ. तू चल."

ते 'तू चल' ऐकून मी काय हरखले होते! कारण त्या दोन वर्षांत आमच्या घरात बोलणंच उरलं नव्हतं. मी काही सांगत असताना ते उठून गॅलरीत जायचे. फोन वाजला तर पेपरात डोकं घालून बसायचे. आमची नीलांबरी नागपूरहून फोन करायची, "बाबांना दे" म्हणायची, तर हे हातानंच खुणावायचे, तूच बोल. माझ्या बहिणीच्या, शरयूच्या मुलीच्या लग्नात ते जेवण न करताच निघून आले होते. मी घरी आल्यावर कारण विचारलं, पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मित्रांशी, भाजीवाल्याशी मात्र बोलायचे. म्हणजे माणसाला बोलायला येत होतं, फक्त माझ्याशी बोलायचं नव्हतं, असा मी अर्थ लावला. दुसरा कुठला लावणार?

बोटीवर काही बदललं नव्हतं. उलट घरी निदान जिना उतरून खाली जाता यायचं. इथे अठ्ठावीस फूट. माझ्या चालीनं बारा पावलांत बोट संपायची.

त्या सकाळी, ते खांद्याला आयोडीन लावत असताना मी समोर जाऊन बसले.

"भोंगा ऐकला नव्हता तुम्ही?"

"ऐकला की."

"मग मी एवढी ओरडत होते तर वळून तरी बघायचं!"

"कुठून येतोय ते बघत होतो. तू उगाच घाबरतेस, कुमुद."

"मरता मरता वाचलो आपण."

"वाचलो ना?" असं म्हणून त्यांनी बाटलीचं बूच लावलं आणि उठले.

तेव्हाच मी ठरवलं. मालवण तिथून फार लांब नव्हतं. वारा असता तर संध्याकाळपर्यंत पोहोचलो असतो. तिथे उतरायचं, बस पकडून पुण्याला शरयूकडे जायचं, आणि परत गिरगावातल्या घरी जायचं नाही. भांडायचंही नाही. ठरवल्यावर जरा मोकळं वाटलं. पण मोकळं होऊन जाणार कुठे? किनारा समोर दिसत होता. माडांची काळी रेघ, तिच्यामागे डोंगर. दुपारी एका डोंगरावरून एसटी जाताना काच चमकली. मी ती चमक संपेपर्यंत बघत बसले. समुद्र तेल ओतल्यासारखा पडला होता. बोट जागच्या जागी हळूहळू गिरक्या घेत होती, त्यामुळे किनारा कधी समोर यायचा, कधी पाठीमागे जायचा. डोलकाठीवरची एक कडी प्रत्येक हेलकाव्याला टिंग करायची. दिवसभर टिंग, टिंग. मला ती उपटून समुद्रात फेकावीशी वाटत होती. जयवंतांना तिचा काही त्रास होत नव्हता.

"वायरलेस लावून बघा ना. कुणी ओढून नेईल आपल्याला," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत होते. "बॅटरी खातो तो. आणि मदत मागण्यासारखं काय झालंय? वारा पडलाय. येईल."

दूर एक होडी दिसली तर मी ओढणी हलवायला उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. "बस खाली. हसतील लोक." मी बसले.

संध्याकाळी, सूर्य पाण्याला टेकायला आला की ते एकच शब्द बोलायचे. "लाव."

लावायची ती कॅसेट माझीच होती. मी गायचे एके काळी. चोविसाव्या वर्षी आकाशवाणीवर मला पाव तास मिळाला होता. त्यात मी पूरिया धनाश्री गायले. आमचं लग्न ठरलेलं होतं. जयवंतांनी बोटीवरून येताना जपानहून स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला होता. त्यांनी घरच्या रेडिओसमोर मायक्रोफोन धरून ते सगळं टेप करून घेतलं. त्यामुळे माझ्या तानेच्या मागे त्यांच्या गल्लीतून जाणारा कल्हईवालाही ओरडतो, "कल्हईऽऽ!" अगदी वरच्या षड्जाला लागून. नंतर त्यांनी ते कॅसेटवर उतरवलं.

लग्नानंतर गाणं राहिलं. जयवंत रात्रपाळी करून यायचे आणि दिवसा झोपायचे. घर शांत ठेवावं लागायचं. तंबोरा लावायचा म्हणजे त्यांची झोपमोड. वर्ष-दोन वर्षं मी माळ्यावर जाऊन हळू आवाजात करून बघितलं, मग तेही सुटलं. त्यांनी कधी गाऊ नकोस म्हटलं नाही. कधी गा असंही म्हटलं नाही.

तर हा माणूस, जो माझ्या बोलण्याला मान वर करत नाही, तो रोज संध्याकाळी माझा चोवीस वर्षांचा आवाज ऐकत बसायचा. मांडीवर बोटांनी ठेका धरायचा. कल्हईवाला आला की ओठाच्या एका कोपऱ्यात हसायचा. गाणं संपलं की म्हणायचा, "शेवटी जरा घाई केलीस." रोज हेच. जणू मी आत्ताच गाऊन उठले आहे आणि उद्या सुधारणार आहे. मी त्या मुलीचा राग राग करायला लागले होते. तिला बोटीतून फिरायला मिळायचं, तिचं ऐकलं जायचं. मी तिच्यासाठी चहा करून, भांडी घासून, तिची कॅसेट उलटी-सुलटी करायला होते.

दुसऱ्या दिवशीही वारा आला नाही. "डिसेंबरात असं होत नाही," जयवंत दोनदा स्वतःशीच म्हणाले. आम्ही सकाळपासून एकमेकांशी बोललो नव्हतो. ते दोर गुंडाळायचे, उलगडायचे, परत गुंडाळायचे. मी केबिनमध्ये पडून छताच्या फळ्या बघत होते. घामानं उशी भिजली होती. टिंग, टिंग चालूच.

संध्याकाळ झाली. वरून आवाज आला, "लाव."

टेपरेकॉर्डर केबिनच्या दाराशी फळीवर असायचा. ते वर बसले की त्यांना तो दिसायचा. मी बटण दाबलं. तंबोरे सुरू झाले. आणि मला ते सहनच होईना. माझाच आवाज पुढे येणार होता, आणि तो मला नको होता. मी आवाजाचं चाक फिरवून पार बंद करून टाकलं. कॅसेटची चाकं फिरत राहिली. म्हटलं, आता ओरडतील. ओरडू देत. भांडण तरी होईल.

मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि वाट बघितली.

काहीच आवाज झाला नाही. मी वळले. जयवंत डोळे मिटून डोलकाठीच्या दिशेनं तोंड करून बसले होते. मांडीवर बोटं चालली होती.

मला वाटलं चिडवतायत. मग वाटलं, लक्ष नसेल. मी बघत राहिले. आणि बघता बघता ती बोटं कुठली मात्रा वाजवतायत ते मला कळायला लागलं, कारण तो पाव तास मलाही पाठ होता. मी मनातल्या मनात बंदिशीचा मुखडा धरला. माझ्या मनातली सम आणि त्यांचं बोट एकाच वेळी पडलं. पुढच्या आवर्तनालाही. समुद्रावर कडीच्या आवाजाशिवाय काही नव्हतं आणि आम्ही दोघं एकच गाणं ऐकत होतो. मी तानेशी आले, आणि त्यांच्या ओठाचा कोपरा हसला. कल्हईवाला आला होता.

मी फळीला धरून उभी राहिले.

कॅसेट संपली, बटण वर आलं. त्यांनी डोळे उघडले. "शेवटी जरा घाई केलीस."

मी खाली गेले, पाणी प्यायले. मग पितळी डब्याचं झाकण उचललं, वर येऊन त्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि ते हातातून सोडलं. फळ्यांवर पडून ते केवढ्यांदा तरी वाजलं. ते किनाऱ्याकडे बघत बसले होते.

मी वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन बसले. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "चहा घेणार?"

"घेईन की," ते म्हणाले.

मी उठले नाही. त्यांच्याकडे बघत राहिले. परत तसेच नुसते ओठ हलवले. "कधीपासून?"

त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी माझ्या मागे, दारातल्या टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"आवाज काढून विचार," ते म्हणाले. "अगदीच काही येत नाही असं नाही."

"कधीपासून?" मी ओरडले.

"चार-पाच वर्षं होतील. दोन वर्षांत फार वाढलं."

"माझं काहीच ऐकू येत नाही?"

"पुरुषांचे आवाज येतात थोडे. जाड आवाज. बायकांचे..." ते थांबले. "तुझा तर नाहीच येत, कुमुद. तोंडासमोर असलीस तर कळतं."

मला एकदम शरयूच्या मुलीचं लग्न दिसलं. ती सनई, तो गलका, आणि कोपऱ्यात ताठ बसलेले जयवंत. सगळ्या बायका त्यांच्याशी काही काही बोलत होत्या.

"नोकरी म्हणून सोडलीत?"

"एक जहाज आत आणत होतो. जहाज ओढणाऱ्या टगवाल्यानं वायरलेसवर काहीतरी विचारलं. तीनदा. शेजारी उभा होता त्या पोरानं माझ्या हाताला हात लावला तेव्हा कळलं. काही झालं नाही, कुणाला लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी स्वतःच जाऊन कान तपासून घेतले आणि कागद देऊन आलो."

"म्हणजे पोर्टाला सांगितलंत. मला नाही."

"काय?"

"पोर्टाला सांगितलंत! मला नाही!"

"पोर्टाला सांगणं भाग होतं. जहाजं होती." ते दोराचं एक टोक बोटाला गुंडाळत होते. "माझ्या वडिलांना ऐकू यायचं नाही. तू त्यांना पाहिलं नाहीस. जेवायला बसलो की आम्ही भावंडं त्यांच्या समोरच त्यांची चेष्टा करायचो, चेहरा साधा ठेवून. आई हसू दाबायची. एकदा त्यांनी वर बघितलं आणि तेही हसले, सगळे हसतायत म्हणून. मला तसं हसायचं नव्हतं."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या खालून राग वर येत होता आणि तो थांबत नव्हता.

"आणि मला इथे कशाला आणलंत? ऐकू येत नसताना? समुद्रात?"

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं. सोबत हवी होती, असं काहीतरी. ते म्हणाले, "तुझे कान हवे होते."

"काय?" या वेळी मी म्हटलं.

"एकट्यानं बोट न्यायची तर भोंगा, इंजिन, लाटा फुटतात तो आवाज, सगळं ऐकायला लागतं. तू असलीस तर..."

"काल मी ओरडत होते ना! भोंगा वाजतोय म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होते!"

"मला वाटलं काही असेल तर तू येऊन हात लावशील."

"मला काय माहीत हात लावायचा ते? सांगितलंत तुम्ही?"

त्यांनी बोटावरचा दोर सोडला. मग फार हळू म्हणाले, "नाही."

सूर्य बुडाला होता. पाण्यावर तांबूस उजेड होता आणि बोट गिरकी घेत घेत किनाऱ्याकडे पाठ करत होती. मला वाटलं, हा माणूस मला दोनदा अडकवतोय. कालपर्यंत माझ्याशी न बोलणाऱ्या नवऱ्याला सोडून जायला मी मोकळी होते. आता बहिऱ्या माणसाला टाकून गेलेली बायको व्हायचं. ती मोकळीकही यांनी काढून घेतली.

"मी मालवणला उतरणार होते," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. अंधार पडत होता, ओठ नीट दिसत नसावेत. "काय म्हणालीस?"

असली गोष्ट माणूस एकदा कशीबशी बोलतो. दुसऱ्यांदा बोलायची वेळ कुणावर येऊ नये. मी उठले, त्यांच्या जवळ गेले आणि त्यांच्या कानाशी सगळ्या समुद्राला ऐकू जाईल अशी ओरडले.

"मी तुम्हाला सोडून जाणार होते! कायमची!"

कुठेतरी पाण्यावर बसलेले पक्षी फडफडत उठले.

त्यांना ऐकू गेलं. ते पायांकडे बघत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "मग जा. या कानांचं त्यात काही आणू नकोस. मी बहिरा झालो म्हणून थांबलीस तर मला ते..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

"आता कशी जाऊ?" मी रडवेली होऊन म्हटलं.

"एसटी असते की. मालवणहून सुटते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, आणि ते बिचारे मी नक्की काय करतेय हे माझ्या तोंडाकडे बघून शोधत होते.

मी खाली गेले आणि वायरलेस लावला. त्यांनी अडवलं नाही. खरखर आली, मग दोन कप्तान कुठल्याशा परक्या भाषेत एकमेकांशी बोलताना ऐकू आले. बहुधा गप्पाच मारत होते. एक जण खोकला. मला त्यांना काही विचारायचं नव्हतं. मी तशीच तिथे बसून त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं.

वारा दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आला. आधी पाण्यावर सुरकुत्या दिसल्या, मग शिडं एकदम भरली आणि टिटवी कलली. जयवंतांनी मला जवळ बोलावलं, माझा हात घेतला आणि स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला. "इथे मारलंस की डावीकडे. इकडे, उजवीकडे. दोन्हीकडे एकदम मारलंस की थांब." त्यांनी हे कुठल्याशा खलाशाला शिकवावं तसं सांगितलं. मीही तसंच शिकून घेतलं. प्रेमाबिमाचं त्यात काही नव्हतं. समोर खडक होते.

मालवण बंदरात शिरताना खडकांमधून वाट काढावी लागते. माहीतगार नसेल तर दिवसाउजेडीही बोट बसते. आमच्याकडे इंजिन नव्हतं आणि वारा मागून ढकलत होता. एका होडीतल्या म्हाताऱ्या कोळ्यानं आम्हाला पाहिलं आणि तो हात न हलवता, वल्हं मारता मारताच ओरडून वाट सांगायला लागला. "डाव्या अंगान! आनी डाव्या! आता सरळ... सरळ..." त्याचा शब्द माझ्या कानावर आला की माझा हात जयवंतांच्या खांद्यावर पडायचा आणि दांडा वळायचा. एकदा मला उशीर झाला. खालून खरवडल्याचा आवाज आला आणि मी दोन्ही खांद्यांवर जोरानं मारलं. त्यांनी झटकन शीड सोडून दिलं. बोट डुलली, सुटली. जयवंतांच्या मानेवर घाम होता. उभं आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस माझ्या तळहातांवर विसंबून डोळे पुढे लावून बसला होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची भीती दिसली. ती इतके दिवस तिथेच असणार. मला नुसती पाठ दिसायची.

धक्क्यावर बंदराचा एक माणूस उभा होता. त्यानं आमचा दोर झेलला आणि खाली वाकून खुंट्याला बांधता बांधता विचारलं, "खंयसून इलात?"

जयवंतांनी त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं असतं. कुठून आलो याचं उत्तर मला माहीत होतं, आणि सवयही होती त्यांच्या वतीनं बोलायची. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"खंयसून इलात म्हणतंय!" तो मोठ्यानं म्हणाला, अजून खालीच बघत.

मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या होत्या. जयवंतांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. ते उठून ताठ उभे राहिले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं. "जरा माझ्याकडे तोंड करून बोला."

कुणी हसलं नाही. एका बाईनं दुसरीला काहीतरी म्हटलं, तेवढंच. तो माणूस सरळ झाला, त्यानं जयवंतांकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. मग त्यानं पुढे कुठे जाणार ते विचारलं, आणि जयवंत म्हणाले, "ते हिला विचारा."

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं. "आधी चहा कुठे मिळेल ते सांगा."

धक्क्याच्या वर एक टपरी होती, बाहेर दोन बाकडी आणि मध्ये एक टेबल. आम्ही समोरासमोर बसलो. जमीन पायाखाली अजून हलत होती. चहा आला. जयवंतांनी तो बशीत ओतला, प्यायले नाहीत.

"उतरणार आहेस?"

"सांगते," मी म्हटलं. "आधी माझं ऐका."

आणि मी सुरुवात केली. दोन वर्षं मी त्यांच्या पाठीकडे बघून जे जे बोलले होते, स्वयंपाकघरातून, गॅलरीच्या दारातून, दिवा मालवल्यावर पलंगावरून, ते सगळं त्यांच्या तोंडावर, मोठ्यानं, पहिल्यापासून सांगायला लागले. नीलांबरी फोनवर रडली होती ते. माळ्यावरचा तंबोरा मी विकून टाकला ते. मला रात्री छातीत दुखलं होतं आणि मी हाक मारली होती ते. टपरीवाला दोनदा बाहेर येऊन बघून गेला. बाकड्यावरची दोन माणसं उठून लांब जाऊन उभी राहिली. माझा घसा बसायला आला. जयवंत पुढे वाकून, कोपर टेबलावर टेकून, माझ्या तोंडावरून नजर न हलवता बसले होते. मधूनच त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते घाईनं पुसायचे, कारण पाण्यातून ओठ दिसत नव्हते.

मी थांबले. वाटलं, संपलं.

"एक राहिलं," ते म्हणाले. "ते हाक मारल्याचं. ते मला नीट कळलं नाही. परत सांग."

मी परत सांगितलं.